पाकिटातलं डुक्कर

जत्रेत मिळणाऱ्या प्राण्यांच्या पाकिटात डुक्कर आणि हत्ती एकाच उंचीचे असतात. गाय वाघापेक्षा थोराड, कोंबडा घोड्याच्या गुडघ्याला लागणारा, आणि एखादा प्राणी असा की तो कोण हे पाकीट भरणाऱ्यालाही सांगता येऊ नये. साचे करणाऱ्याला पाकीट भरायचं असतं, प्राणिशास्त्र शिकवायचं नसतं. पोरं हा घोटाळा पाहून हसतात. मी मात्र पाकीट उजेडाकडे धरून आधी डुक्कर शोधतो. कारण आमच्या टेबलावरच्या लढाईत माणूस असतो २८ मिलिमीटरचा आणि त्याच्याशेजारी हे डुक्कर उभं केलं की ते खरोखरच हत्तीएवढं दिसतं. त्याला दोन सुळे लावले, पाठीवर हौदा चढवला, की राक्षसांच्या सरदाराला वाहन मिळालं. पाकिटातला हत्ती त्या मानाने कुचकामी. हत्तीला हत्तीच म्हणावं लागतं.

लातूर जिल्ह्यातल्या देवणीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात घड्याळं आणि रेडिओवर झाली, नंतर चार्जर, मोबाईल आले, आणि आता खरिपाच्या दिवसांत निम्मी गिऱ्हाइकं फवारणीचे बॅटरी पंप घेऊन येतात. खेळण्यांचा आणि माझा संबंध एवढाच होता की शेजारपाजारची पोरं चावीची मोटार घेऊन यायची आणि मी स्प्रिंग बसवून द्यायचो. हा नवा नाद लावला पुतण्याने. तो पुण्याला शिकायला गेला आणि तिथे मित्रांबरोबर कल्पित राज्यांच्या लढाया खेळायला लागला. एका मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, पडके वाडे मांडायचे. पेरभर उंचीच्या फौजा समोरासमोर उभ्या करायच्या. कोणी किती सरकायचं हे टेपने मोजायचं आणि वार लागला की चुकला हे फाशांवर ठरवायचं. एकीकडे माणसं, दुसरीकडे राक्षस, भुतं, पंखांचे साप. खेळ विलायती, बाहुलीही विलायती, त्यामुळे किंमतही विलायती.

"काका, एकेक बाहुलं पाचशे-सातशेला पडतंय. पुरी फौज घ्यायची म्हटली तर रान विकावं लागंल," तो म्हणाला. आणि मग माझ्या टेबलाखालच्या भंगाराच्या डब्यांकडे बघत राहिला. त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं.

त्या डब्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा उद्योग त्यांच्यावर उभा आहे. विलायतेत हा नाद करणारे लोक रणगाड्यांच्या आणि विमानांच्या जुळवायच्या संचांतले सुटे भाग वापरतात. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातली अंतराळयानंसुद्धा अशाच संचांतले तुकडे चिकटवून सजवली होती. आमच्याकडे असले संच कुठून येणार? पण आमच्याकडे ठिबक आहे. शेतात दोन-चार हंगाम काढल्यावर ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात, उन्हाने तडकतात आणि बांधावर ढीग लागतो. त्या ढिगात ड्रिपर असतात, जॉइनर असतात, टी असतात, एंड कॅप असतात. ड्रिपर उलटा धरला की शिरस्त्राण. जॉइनरच्या कडा-कडांच्या नळीचे काप केले की दंडावरची चिलखती वळी. स्प्रिंकलरची पितळी नोझल तर तोफेचं तोंड म्हणूनच जन्माला आली असावी. फवारणी पंपाच्या आतली गाळणी बारीक जाळीची असते. तिचा तुकडा कापून खांद्यावरून सोडला की कडीचं चिलखत झालं.

मोबाईलमधून वेगळाच माल निघतो. सिमचा ट्रे म्हणजे ढाल. स्पीकरवरची जाळी म्हणजे किल्ल्याच्या नाल्यावरचं झाकण. आतले स्क्रू इतके लहान की राक्षसाच्या गदेवर खिळे म्हणून ठोकता येतात. घड्याळाची दातेरी चक्रं मी जपून वापरतो. चक्र दिसलं की बघणाऱ्याला लगेच यंत्र आठवतं, भूत आठवत नाही. फुगलेल्या बॅटरीला मात्र हात लावायचा नाही, आणि दवाखान्यातून फेकलेल्या सिरिंजांनाही. सिरिंजची नळी तोफेला अगदी बेतशीर बसते, पण पोरांच्या हातात जाणाऱ्या वस्तूत ती मला नको.

सगळ्यात भारी माल मिळतो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे पोळा श्रावण अमावास्येला. आदल्या दिवशी खांदेमळणी, मग बैल धुणं, शिंगं रंगवणं, त्यांवर बेगड चिकटवणं, गोंडे, माळा, घुंगरू, झुली. सण झाला की हे सगळं गळून गोठ्यात, रस्त्यावर, वेशीजवळ पडलेलं असतं. बेगडीचा चिमूटभर तुकडा गोळा करून पुन्हा सपाट केला की त्यावर आपोआप सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्यांवर काळा रंग पुसला की लढाईत ठेचलेलं चिलखत तयार. गोंड्याचा एक दोरा सरदाराच्या तुऱ्याला पुरतो. झुलीच्या काठावरची जर ही ध्वजाची किनार. पुतण्या पुण्याहून फोन करून विचारतो, "काका, पोळा झाला का?" बैलांची चौकशी असते असं घरच्यांना वाटतं.

आता यात एक अडचण आहे, आणि ती आमच्या गावापुरती खास आहे. सुट्या भागापासून बाहुली करायची तर तो भाग ओळखू येता कामा नये. ढालीकडे बघून "सिमचा ट्रे!" असं कोणी ओरडलं की ढाल मेली. पुण्यात हे जमतं, कारण तिथल्या पोरांनी ड्रिपर हातात धरलेला नसतो. देवणीत सगळेच आपापले पंप खोलतात. दुकानात बसलेल्या एका शेतकऱ्याने माझी नवी तोफ उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाला, "मिस्त्री, ही तर आमच्या स्प्रिंकलरची नोझल हाय. ह्याचं वायसर कुठाय?" त्यामुळे आमच्याकडे भागाला नुसता रंग देऊन भागत नाही. त्याचा ओळखीचा कोपरा कापावा लागतो, आटे घासावे लागतात, वरून पुट्टीची एखादी कड चढवावी लागते. अशी गिऱ्हाइकं असली की हात सुधारतो. पुण्याच्या पोरांनी वाखाणलेली बाहुली मी कधी पक्की धरत नाही.

खेळण्याला कापायच्या आधी ते कशाचं आहे हे ओळखायला हवं. स्वस्त खेळण्यांत ढोबळमानाने तीन जाती असतात. एक कडक आणि ठिसूळ, टेबलावर आपटली की टणकन वाजणारी. तिला फेविक्विक बसतं, रंग बसतो, करवतही सरळ चालते. दुसरी मेणचट, नखाने ओरखडा उमटणारी. बादल्या-डबे ज्या जातीच्या प्लॅस्टिकचे असतात, तीच ही. हिला फेविक्विक चिकटल्यासारखं करतं आणि टिचकी मारली की सुटतं. तिथे गोंदावर विसंबायचं नसतं. दोन्ही तुकड्यांना बारीक भोक पाडायचं, आत बाइंडिंग तारेचा तुकडा घालायचा आणि सांध्यावर बाहेरून पुट्टीचा पट्टा चढवायचा. तिसरी जात मऊ, रबरासारखी वाकणारी. डायनासोर, साप, पाली बहुतेक याच जातीचे. हे खेळणं गरम पाण्यात धरलं की सैल पडतं. मग मान वळवायची, शेपटी उचलायची, आणि तसंच धरून थंड पाण्यात बुडवायचं. दिली ती ऐट कायम राहते. या मऊ जातीवर तैलरंगाचा फवारा मारला तर तो कित्येक दिवस चिकट राहतो, कारण प्लॅस्टिक मऊ ठेवणारं द्रव्य आतून रंगात उतरत राहतं. त्यावर पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रेलिक रंगच बरे, आणि तेही खेळणं भांड्याच्या साबणाने घासून, वाळवून. साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर वर असतो, तो गेला नाही तर रंग सोलून निघतो. आणि तापवलेल्या सुईने भोक पाडायची सवय असेल तर ती मोडावी. मऊ प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट. हाताने फिरवायचा छोटा ड्रिल मिळतो, तो घ्यावा.

पुट्टी म्हणजे आमच्याकडे एम-सील. टाकीची गळती बुजवायला प्रत्येक घरात अर्धी पुडी पडलेली असते. दोन्ही वड्या सारख्या घेऊन कणकेसारखं मळायचं, बोटं ओली ठेवायची, आणि आवळण्याच्या आत जे करायचं ते करून घ्यायचं. पहिली दहा मिनिटं ती फार मऊ असते, तेव्हा नाक-डोळे काढायला गेलं तर चेहरा वितळल्यासारखा होतो. थोडी थांबू द्यावी. दाभणाच्या टोकाने डोळ्यांच्या खाचा, जुन्या रिफिलच्या टोकाने गोल खवले, दाढीच्या पात्याच्या तुकड्याने केसांच्या रेघा. विलायती लोक यासाठी हिरवी पुट्टी मागवतात. ती चांगलीच असेल. पण तिच्या किमतीत इथे राक्षसांचा सगळा गोतावळा उभा राहतो.

राक्षसांच्या आधी मी बैल केले, आणि ते केले म्हणून पुढचं काही जमलं.

पुतण्याच्या फौजेत तोफा होत्या. तोफ ओढणार कोण, हा प्रश्न मला पडला. त्या विलायती खेळात घोडे ओढतात. आमच्या मुलखात तोफा बैलांनी ओढल्या. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला गाठलं ती लढाई उदगीरची म्हणून प्रसिद्ध आहे. निकराची झुंज औशाच्या वाटेवर झाली. देवणीपासून उदगीर जवळ, आमच्याकडची पोरं किल्ला बघून आलेली. त्या लढाईत भाऊंच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला, आधी निजामाच्याच चाकरीत असलेला. निजामाला साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, नगर, बऱ्हाणपूर अशी ठाणी सोडावी लागली. वर्षभराच्या आत, १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतच्या लढाईने, भाऊ आणि गारदी दोघेही संपले. पुस्तकांत या तोफखान्याचं वर्णन येतं, गारद्यांचं येतं, तोफा ओढणाऱ्यांचं येत नाही. काळ्या मातीत तोफेचं चाक रुतल्यावर काय होतं हे ज्याने उसाची गाडी ओढ्यातून काढली आहे त्याला विचारावं.

तर बैल हवे होते. पाकिटात गाय असते. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, सपाट पाठीची, आखूड शिंगांची. साचा विलायती गायीवरून घेतलेला, त्यामुळे वशिंड नाही, गळ्याखाली पोळी नाही, कान ताठ उभे. मी ती गाय आहे तशी टेबलावर ठेवली आणि दुकानात बसलेल्या आप्पांना मुद्दाम विचारलं, "आप्पा, कसा वाटतोय बैल?"

आप्पांनी चष्मा वर केला. "बैल हाय व्हय ह्यो? वशिंड कुठं गेलं ह्याचं? आन् कान उभे कामून? हरणाचं हाय का काय?"

हे गाव देवणी आहे. गोवंशाच्या एका जातीला या गावाचं नाव मिळालंय आणि ती जात लातूर, नांदेड, धाराशिव, परभणी, पलीकडे बिदरपर्यंत पाळली जाते. वानेरा, बालंक्या, शेवरा असे तिचे तीन प्रकार. वानेरा अंगाने पांढरा आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. बालंक्या पांढरा, पण पोटाखाली काळे ठिपके. शेवऱ्याच्या अंगावर काळे डाग कसेही विखुरलेले. कपाळ फुगीर, कान लांब आणि खाली लोंबणारे, शिंगं बाहेर वळून वर जाणारी. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात उभं राहिलं की बैलाच्या एका खुरावरून त्याच्या चालीचं भाकीत करणारी माणसं भेटतात. त्यांच्या डोळ्यांखालून जायचं तर अंदाजाचं काम नाही.

मापाने सुरुवात केली. खांद्याशी सव्वाचार फुटांचा बैल आमच्या खेळाच्या मापात दोन सेंटीमीटरच्या किंचित वर येतो. पाकिटातली गाय त्याहून बरीच मोठी निघाली, म्हणून जत्रेतल्या किचेनवरची लहान गाय घेतली. पाठीवर एम-सीलचं वशिंड चढवलं. ते बरोबर खांद्यावर यायला हवं. जरा मागे सरकलं की उंट होतो. गळ्याखालची पोळी बेगडीच्या घडीने केली आणि वरून पुट्टीचं पाणी फिरवलं. उभे कान कापून तिथे सायकलच्या ट्यूबचे अरुंद तुकडे लावले, ते आपसूक लोंबले. शिंगांसाठी तार तापवून वळवली. मोरकी, वेसण, कासरा हे सगळं शिवणाच्या दोऱ्याचं. जू तुराटीच्या सालीचं.

रंगाच्या वेळी एक गंमत लक्षात आली. कारखान्याने विलायती गायीला दिलेले विस्कटलेले काळे ठिपके शेवऱ्याला जवळजवळ तसेच चालले. बालंक्याला पाठ कोरी करून पोटाखाली ठिपके न्यावे लागले. वानेरा सगळ्यात अवघड, कारण तोंडावरचा काळा रंग डोळ्याला स्पर्श करून कुठे थांबतो ते बघायला मला गोठ्यात जाऊन बसावं लागलं. तयार जोडी आप्पांपुढे ठेवली. त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली. मग डावीकडच्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्याला वाईच पुढं धर. ह्यो डावीकडचाच हाय, उजवीकडं चालायचा न्हाई." मला पावती मिळाली.

त्यानंतर राक्षस करायला घेतले, तेव्हा पुतण्याला वाटलं आता काकाला मोकळं रान. राक्षस कुठे कोणी पाहिलाय? चुकला तरी कोण सांगणार? हा समज या नादातल्या बहुतेक नव्या पोरांचा असतो, आणि त्यांचे राक्षस बघितले की तो समज किती पोकळ आहे ते दिसतं. डायनासोरच्या अंगावर सापाचं डोकं, पाठीवर विमानाचे पंख, हातात तलवारी, शेपटीवर काटे. सगळं लावलेलं असतं आणि काहीच जिवंत नसतं. राक्षसाचं वजन कोणत्या पायावर आहे, पंख उचलायचा तर छातीत स्नायू कुठे, डोकं एवढं जड असेल तर मान कशी पुढे येईल, हे प्रश्न त्यांनी विचारलेले नसतात. बैलाचं वशिंड केसभर सरकलं तर जे आप्पा सांगतात, तेच आप्पा राक्षसाकडे बघूनही काहीतरी सांगतात. फक्त शब्द वेगळे. "ह्यो उभा राहील का?" एवढंच ते विचारतात.

शरभ करणाऱ्या पाथरवटांना हे ठाऊक होतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांच्या दरवाजांवर वाघासारखा एक प्राणी कोरलेला असतो. जंजिऱ्याच्या दरवाजावर त्याने पंजांत हत्ती दाबून धरलेत. असला प्राणी कोणी पाहिलेला नाही. पण त्याचा पंजा पाहा, वळलेली शेपटी पाहा, खांदा पाहा. मांजरकुळातलं जनावर झेप घ्यायच्या आधी जसं दबतं तसंच ते दबलंय. हत्ती मुठीएवढे लहान केलेत, त्याने शरभ मोठा झालाय. मापाचा हा खेळ पाकिटातल्या डुकराचाच. गंडभेरुंड हा दुसरा. दोन डोक्यांचा पक्षी, विजयनगरच्याही आधीपासून चालत आलेला, आज कर्नाटकच्या राजचिन्हात बसलेला. आमच्या शेजारी बिदर जिल्हा, त्यामुळे आमच्याकडे तो परका नाही. मी गंडभेरुंड केला तो दोन प्लॅस्टिकचे कोंबडे कापून. एक अख्खा घेतला, दुसऱ्याची फक्त मान. पण दोन माना एका धडातून निघायच्या तर छाती दुपटीने रुंद हवी, नाहीतर ते जोडकाम जोडकामच दिसतं. दीड दिवस फक्त छातीवर गेला. तुरे कापले, चोची ठिबकच्या एंड कॅपच्या कडेने आकडेदार केल्या, पिसं झुलीच्या जरीची. पुतण्याच्या मित्रांनी हा पक्षी पुण्यात पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो कोणत्या विलायती पुस्तकातला, असं विचारलं म्हणे.

विलायती पुस्तकांचीही गंमत ऐकण्यासारखी आहे. या कल्पित लढायांच्या खेळांचं एक मोठं घराणं अमेरिकेत सुरू झालं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये निघाला. त्याआधी गायगॅक्स मित्रांबरोबर टेबलावर लढाया खेळत, आणि त्यांना राक्षस कमी पडत. तेव्हा स्वस्त दुकानातून हाँगकाँगमध्ये बनवलेल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांचं एक पाकीट त्यांच्या हाती लागलं. डायनासोर म्हणून विकलेले, पण डायनासोर नसलेले, धड कशाचे नसलेले प्राणी. एकाच्या शेपटीला पंख्याची पाती होती. तो पुढे त्यांच्या खेळात लोखंडाला गंज चढवून ते खाणारा राक्षस झाला. घुबडाच्या तोंडाचं अस्वल आणि जमिनीखालून येणारा कवचधारी जीव हेही त्याच पाकिटातून निघाले. आज जगभर लोक या राक्षसांच्या महागड्या प्रती विकत घेतात. मूळ साचा करणाऱ्या हाँगकाँगच्या कारागिराचं नाव कोणाला माहीत नाही. त्याने घोटाळा केला नसता तर तीनही राक्षस जन्मले नसते. तसंच आणखी एक. 'वॉरहॅमर ४०,०००' हा इंग्रजी खेळ १९८७ मध्ये आला, तेव्हा त्याच्या चाहत्यांना काखेत लावायच्या सुगंधी कांडीच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा कसा करायचा हे शिकवलं जाई. आज तोच खेळ खेळायला लोक पगार ओततात. त्याही आधी, १९१३ मध्ये, एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगच्या तोफा घेऊन जमिनीवर लढाई कशी खेळायची याचे नियम लिहिले. नाद जुना आहे आणि त्याची सुरुवात प्रत्येक वेळी पोरांच्या खेळण्यांतून नाहीतर टाकाऊ वस्तूंतूनच झाली आहे. महाग बाहुली मागाहून येते.

पुतण्याला शत्रूची फौज म्हणून भुतं हवी होती, आणि भुतांचा राजा आपल्याकडे वेताळ. अमावास्येला रात्री मशाली घेऊन वेताळाची स्वारी निघते हे आमच्या पिढीने झोपताना ऐकलेलं. मशालींसाठी मी चार्जरमधले बारीक लाल-पिवळे दिवे काढून ठेवले, पालखीसाठी काडेपेटी. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी आणि शेजारणींनी स्पष्ट सांगितलं की वेताळाचं नाव घेऊन फासे टाकायचे नाहीत. कुठल्या तरी गावच्या वेशीवर तो शेंदूर लावून बसलेला आहे, आणि हे त्याला हरवणार! मला ते पटलं. देवतेची मूर्ती टेबलावर आडवी पडते, पोरं "मेला, मेला" ओरडतात, हे बरं दिसत नाही. घोड्यावरचा खंडोबाही मी याच कारणाने कधी केला नाही, कितीही मोह झाला तरी. मग राजाचं नाव झालं काळा सरदार. खवीस आणि मुंजे मात्र तेच राहिले, त्यांची बाजू घेऊन कोणी आलं नाही. खविसाला धडावर डोकं नसतं अशी आमच्याकडे समजूत. हिरव्या प्लॅस्टिकच्या शिपायांच्या पाकिटात एखाद-दोन शिपाई साच्यातच डोकं अर्धवट राहिलेले निघतात. दुकानदार ते फेकून देतो. आता माझ्यासाठी बाजूला ठेवतो.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी सगळ्यावर काळा हात, मग मूळ रंग, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग कडांवरून ओढायचा. खाचा काळ्या राहतात, कडा उजळतात, आणि तीन फुटांवरून बाहुली उभी दिसते. जमिनीसाठी रानातली काळी माती चाळून फेविकॉलवर पेरायची. आमच्याकडची माती वाळली की भेगाळते. विलायती खेळाडू तसल्या भेगांसाठी वेगळी बाटली विकत घेतात म्हणे.

अलीकडे एक फरक पडला आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं होतं, पुढे २०२३ मध्ये ते ७० टक्के झालं. जत्रेत पूर्वी चादरी पसरून ढिगाने मिळणारी अनामिक खेळणी आता कमी दिसतात. लहान पोरं खेळणी तोंडात घालतात, त्यामुळे रंगाची आणि टोकांची तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण हल्ली घेतलेल्या पाकिटांत मला हत्ती हत्तीएवढा आणि डुक्कर डुकराएवढं दिसायला लागलंय. जुन्या पाकिटांसाठी मी आता रद्दीवाल्यांकडे सांगून ठेवतो, आणि मोठ्या झालेल्या पोरांच्या आयांकडे.

हा नाद कोणाला लागलाच, तर सांगणं एवढंच. विलायती बाहुल्यांची चित्रं बघत बसू नका आणि पहिल्याच दिवशी पंखांच्या सापाला हात घालू नका. एक स्वस्त प्लॅस्टिकची गाय घ्या, तिचा आपल्या भागातला बैल करा, आणि तो अशा माणसाला दाखवा ज्याने बैल पाळलेत. त्याने वशिंडाला नाव ठेवलं तर वशिंड काढा, कानाला ठेवलं तर कान कापा. तो काही न बोलता बैल खिशात घालायला लागला, की मग राक्षस करा.